दोन इंची पाणी

आमच्याकडं यवतला बोअर मारणं हा लग्नाच्या खालोखाल खर्चाचा आणि लग्नाहून जास्त बेभरवशाचा विधी आहे. आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर अनवाणी फिरतो आणि नारळ जिथं उभा राहील तिथं चुना टाकायला सांगतो. मग अपरात्री बोअरची गाडी येते, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि फुटाफुटानं पैसे जमिनीत उतरू लागतात. शंभर फुटांवर फुफाटा, दोनशेवर फुफाटा, तीनशेवर काळा पाषाण आणि त्याच्याखाली परत फुफाटा. मालक बांधावर बसून सोसायटीच्या कर्जाचा हिशेब करत असतो. अशात ‘दोन इंची पाणी लागलं!’ अशी आरोळी उठली, तर उजाडायच्या आत पेढे वाटून होतात. नाही लागलं तर पाणाड्या म्हणतो, “झरा डाव्या अंगानं गेला, जरा हुकलं.”

अशा गावात दोन इंची भोकातून फुकट पाणी येतंय म्हणून डोक्याला हात लावून बसलेला एकच माणूस मी पाहिला. ते आमचे दाजी.

दाजी मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरी सगळी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली. निवृत्तीनंतर माणसं बंदराजवळ घर बांधतात. दाजी ताईच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर, म्हणजे सासुरवाडीला येऊन राहिले. अख्खं गाव त्यांना दाजी म्हणतं. त्यात माझ्या बहिणीचा मान किती आणि चेष्टा किती, याचा छडा मला अजून लागलेला नाही. येताना त्यांनी बरोबर काय आणलं, तर बावीस फुटी शिडाची होडी. मुंबई सोडून चाललेल्या कुणा हौशी माणसाकडून जुनीच घेतलेली. फायबरची, एका डोलकाठीची, पोटाखालचा कील वर ओढून घेता येईल अशी, ट्रेलरसकट. टोलनाक्यावरच्या पोरानं म्हणे तिच्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, “हे कुठल्या गाडीत धरायचं?”

आमचं गुऱ्हाळ बंद पडून बरीच वर्षं झाली होती. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही, पण वडिलांना पुढं पुढं चुलवाणाचा धूर सोसेना. त्या पत्र्याच्या शेडमध्ये जिथं काहील असायची, तिथं आता होडी उभी राहिली. गावातल्या जाणत्यांनी येऊन तिला हात लावून पाहिला. एकानं आत चढून बघितलं आणि निकाल दिला, “झोपायची सोय चांगली हाय.”

ताईचा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न होता: इथं समुद्र कुठं आहे? दाजींकडं उत्तर तयार होतं. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर कुठं राहिले? फलटण तालुक्यात, विंचुर्णीला. तिथं समुद्राचा वाससुद्धा पोचत नाही. आणि भारतीय माणसानं शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास कुणी घेतला? त्याच आवटींनी. त्या ध्यासापायी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी होडी बांधली गेली. ती घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले आणि २०१०च्या मे महिन्यात जगाला वळसा घालून परत आले. एकट्यानं हे करणारे ते पहिले भारतीय. पुढं २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमींनी त्याच होडीतून कुठंही न थांबता फेरी मारली. मग जे विंचुर्णीला शोभतं ते यवतला का शोभू नये?

“आवटीसाहेबांनी ती होडी विंचुर्णीला आणून गुऱ्हाळात नव्हती ठेवली,” ताई म्हणाली.

शिडाच्या होडीला पुरेल असं आमच्या बाजूला एकच पाणी आहे, ते म्हणजे उजनीचं. यवतहून साठेक किलोमीटरवर भिगवण, आणि भिगवणच्या पुढं नजर ठरत नाही एवढा पाणपसारा. १९८० साली पुरं झालेलं हे धरण भरलं की सुमारे ११७ टीएमसी पाणी धरतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृत साठ्यात जमा. त्यामुळं उजनी शून्य टक्क्याला आली तरी संपत नाही, ती मायनसमध्ये जाते. पेपरात ‘उजनी उणे वीस टक्के’ असं वाचून आमच्याकडं कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. दाजींच्या पडली. ज्या समुद्रावर त्यांनी नोकरी केली तो कधी उणे झाला नव्हता.

शिवाय त्या पाण्याखाली काय काय आहे! उठवलेली गावं, बांध, विहिरी, जुने रस्ते. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं पुरातन देऊळ तर दुष्काळात चक्क बाहेर येतं आणि लोक चालत दर्शनाला जातात. पाऊस झाला की देव परत खाली. अशा ठिकाणी होडी हाकताना आपल्या पोटाखाली किती पाणी आहे, हे कळलेलं बरं. देवळाच्या शिखराला धडकून होडी फुटली, हे कुठल्याही विमेवाल्याला पटवणं अवघड आहे.

त्यासाठी दाजींच्या होडीत खोली सांगणारं यंत्र होतं. पूर्वी दर्यावर्दी लोक दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडत आणि किती वाव पाणी आहे ते मोजत. गोळ्याच्या बुडाला चरबी फासलेली असे. तिला वाळू चिकटून आली की चिखल, यावरून तळ कसला आहे तेही कळे. आम्ही पोरं विहिरीत दगड टाकून ‘डुबुक’ ऐकायचो आणि पाणी किती परस खाली गेलं ते सांगायचो, तसलाच हा उद्योग. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर मात्र आवाजानं पाण्यातलं शोधायच्या कामाला जोर आला. जर्मनीतल्या अलेक्झांडर बेमनं १९१३ साली प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याचं पेटंट घेतलं. आता होडीच्या पोटात मुठीएवढा सेन्सर असतो. त्यातली चकती विजेनं थरथरते, माणसाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते आणि तो तळावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ यंत्र मोजतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर पळतो. खाली दहा मीटर पाणी असेल तर जाऊन यायला सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग लागतो. आमच्या तलाठी कार्यालयातल्या कामांच्या तुलनेत हे फार लवकर होतं.

सगळी रचना चोख, फक्त त्या सेन्सरला पाणी दिसावं म्हणून होडीच्या पोटाला भोक पाडावं लागतं. एक्कावन्न मिलिमीटरचं. म्हणजे दोन इंची.

गेल्या थंडीत भिगवणच्या अंगाला फिरून आलो, होडी काठाला लावली आणि दाजींनी तळाची फळी उचलली. खाली पाणी होतं. फार नव्हतं, पण जिथं अजिबात नसावं तिथं होतं. दाजींनी सवयीनं त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जहाजावरची ही जुनी परीक्षा: पाणी खारट लागलं तर समुद्र आत आला, गोड लागलं तर आपलीच टाकी फुटली. बोट तोंडात घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उजनीत दोन्हीही गोडच. पुणे-पिंपरी-चिंचवडचं समस्त सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, हे ताईनं काठावरून मोठ्यानं सांगितलं. “आधी चूळ भरा.” मात्र भरायची कुठल्या पाण्यानं, यावर थोडा वेळ गेला.

गळती सेन्सरच्याच भोकाशी होती. होडी शेडमध्ये परत आली आणि गावात बातमी पसरली की दाजींच्या होडीला पाणी लागलं. माणसं बघायला आली. त्यांचा चेहरा सांत्वनाचा नव्हता. एखाद्याला लॉटरी लागल्यावर असतो तो होता. दाजींनी समजावून सांगितलं की हा सेन्सर पाण्यात असताना कुणी उपसून काढला, तर अर्धा मीटर खोलीवरच्या एवढ्याशा भोकातून मिनिटाला सव्वादोनशे लिटर पाणी आत येईल.

“विजेशिवाय?” एका बागायतदारानं विचारलं.

“विजेशिवाय.”

“दिवसा पण?”

आठवड्यातले निम्मे दिवस ज्याला थ्री-फेज वीज रात्रीची मिळते, त्याच्या आवाजातला तो हेवा दाजींना कळला नाही. ते म्हणाले, “दिवसा, रात्री, केव्हाही. थांबवायचं कसं हाच प्रश्न आहे.” मंडळी हळहळत घरी गेली.

मग सल्ले सुरू झाले. पुडीतली पुट्टी मळून लावा, हा सर्वांत लोकप्रिय सल्ला. आमच्याकडं मोरीच्या पाइपापासून ट्रॅक्टरच्या टाकीपर्यंत सगळं त्याच पुट्टीवर उभं आहे. कुणी म्हणालं डांबर ओता. कुणी म्हणालं, सायकलची ट्यूब कापून गुंडाळा. सुतारानं मनावर घेतलं आणि एक बूच तासून आणलं. दाजींनीच त्याला सांगितलं होतं की जहाजात प्रत्येक भोकाशेजारी निमुळतं लाकडी बूच दोरीनं बांधून ठेवतात, वेळ आली की ठोकायला. पण ते मऊ लाकडाचं हवं, पाण्यात फुगून घट्ट बसतं. सुतारानं बाभळीचं केलं. “मऊ लाकडाला काय जीव असतोय? हे तुमच्या होडीपेक्षा टिकंल.” ते बूच आता ताईकडं आहे. लसूण ठेचायला उत्तम.

खरा माणूस भेटला तो मोटार दुरुस्तीच्या दुकानात. आमच्या भागात पाण्यातली मोटार भरून देणारे मेस्त्री जागोजागी आहेत आणि डॉक्टरांपेक्षा जास्त निकडीच्या वेळी त्यांना फोन जातो. विहिरीच्या तळाशी, दहा परस पाण्याखाली, विजेची मोटार कोरडी ठेवायची हा त्यांचा रोजचा धंदा. म्हणजे जगात जे ज्ञान दाजींना हवं होतं, ते स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, तांब्याच्या तारेच्या भेंडोळ्यात बसलेलं होतं. मेस्त्रींनी शेडमध्ये येऊन होडीखाली पाठीवर सरकत जाऊन बॅटरी मारली. मग आत चढले. सेन्सरच्या प्लॅस्टिकच्या घराला आतून जी मोठी चाकी आवळलेली असते तिच्यावरून नख फिरवलं.

“आधीच्या मालकानं पान्याला पाइप घालून आवळलंय. हातानं आवळायची वस्तू हाय ही. केसाएवढी चीर गेली. आणि ही रिंग बगा, वाळून कडक झाली.”

दाजींनी मान डोलावली. ओ-रिंगला कुठलं ग्रीस लावायचं यावर दोघांची मग अर्धा तास चर्चा झाली. सिलिकॉनचं लावायचं, रॉकेल-पेट्रोलच्या जातीचं काही लावलं की रबर फुगतं, यावर त्यांचं एकमत झालं आणि त्या क्षणापासून दाजींना गावात मित्र मिळाला. इतकी वर्षं ते सासुरवाडीत पाहुण्यासारखे वागत होते. आता मेस्त्रींच्या दुकानात पालथ्या डब्यावर बसून चहा पिऊ लागले. तिथं त्यांना कुणी समुद्राबद्दल विचारत नसे. कोणाची मोटार कशानं जळली यावर बोलणं चाले, आणि त्या विषयावर दाजींकडं भारत सोडून इतर देशांतलीही उदाहरणं होती.

नवीन भाग बसवायचा तर दाजींच्या मनात ब्राँझचा होता. होडी लाकडाची असेल तर प्लॅस्टिकचं घर चालत नाही, लाकूड भिजून फुगतं आणि ते फोडतं. ॲल्युमिनियमची असेल तर ब्राँझ चालत नाही, दोन धातूंत वीज खेळून पत्रा खाल्ला जातो. फायबरला दोन्ही चालतं, पण ब्राँझ पिढ्यानपिढ्या टिकतं. फक्त तो परदेशातून यायचा होता. भावात जकात आणि भाडं मिळवून दाजींनी आकडा काढला, तेव्हा ताई बाजूला मेथी निवडत होती. ती काही बोलली नाही. तेवढ्या पैशांत ठिबक होतं, एवढंच पुटपुटली.

मेस्त्री तेव्हा म्हणाले, “दाजी, एक विचारू? आवाजच पाठवायचाय ना खाली? मग भोक कशाला पायजे?”

दाजींनी भोकाचं शास्त्र सांगायला सुरुवात केली.

“तसं न्हवं. मोटार विहिरीत तळाला असती, मी वर लोखंडी पाइपाला कान लावून सांगतो बेअरिंग गेलंय का न्हाय. आवाज लोखंडातनं दोनशे फूट वर येतोय, तर ह्या बोटभर फायबरातनं जाणार न्हाय?”

दाजी गप्प झाले. कारण जातो. जिथं फायबर भरीव आहे, मध्ये फोम किंवा बाल्सा लाकडाचा थर नाही, तिथून आवाज जातो. थोडा दमतो, पण जातो. त्याला एकच गोष्ट आडवी येते ती म्हणजे हवा. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की तिथंच तो उलटा फिरतो. म्हणून जुने होडीवाले काय करत, तर होडीच्या आतल्या अंगाला तळावर एक नळकांडं चिकटवत, ते तेलानं भरत आणि सेन्सर त्या तेलात बुडवून ठेवत. भोक नाही, गळती नाही. दाजींना हे माहीत होतं. पण होडीच्या पोटातलं व्यवस्थित भोक बुजवून टाकायचं ही कल्पना त्यांच्यासारख्या इंजिनिअरच्या जिवावर येत होती.

भोक बुजवणं हेही आमच्या गावाच्या कल्पनेत बसणारं नव्हतं. आम्ही कोरडी बोअर बुजवतो, ओली नाही. त्यात बुजवण्याची रीत अशी की आधी भोक मोठं करायचं. फायबरचा नवा थर जुन्याला धरून राहायचा तर कडेला उतार द्यावा लागतो, जाडीच्या बारापट. आठ मिलिमीटर जाडीला चारी बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर. दाजींनी ग्राइंडर लावला आणि दोन इंची भोकाभोवती जेवणाच्या ताटाएवढा खड्डा घासला. ताई चहा घेऊन आली आणि कपबशी हातात तशीच धरून उभी राहिली. “बुजवायला निघालात की वाढवायला?” फायबरची भुकटी अंगाला लागली की दोन दिवस खाजवत बसावं लागतं. दाजी आणि मेस्त्री चावडीवर बसून खाजवताना दिसले, तेव्हा होडीला काही रोग झाल्याची बोलवा गावात उठली.

एपॉक्सीचं काम निघालं भर मे महिन्यात. हे राळेसारखं द्रव्य आणि त्याचा हार्डनर मापानं एकत्र केले की ठराविक वेळात घट्ट होतं, आणि आमच्याकडच्या उन्हात त्या ठराविक वेळेची निम्मी वेळ होते. पहिला घाणा दाजींनी उभ्या डब्यात कालवला. थोड्याच वेळात डबा तापला, धूर निघाला, आणि आतला ब्रश कायमचा उभा राहिला. गुऱ्हाळ चालू असताना जे आमच्याकडं गुळवे होते, ते म्हातारबाबा आता नुसते सावलीला येऊन बसतात. ते म्हणाले, “खोल भांड्यात ठेवलंसा, मग तापनारच. पसरट परातीत घ्या. वाफ्यात गूळ गार हुतो तो कशामुळं?”

हे शंभर टक्के खरं होतं. एपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं. ढिगात राहिलं की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काम आणखी लवकर बिघडतं. दाजींच्या इंग्रजी पुस्तकात हे सातव्या प्रकरणात होतं. बाबांना ते काहिलीपाशी कळलेलं. त्यानंतर परात आली, आणि बाबा उकिडवे बसून रसावर नजर ठेवू लागले. काकवीच्या तारेवरची जन्माची नजर ती. “अजून पातळ हाय… अजून… आता! लावा आता!” दाजी चटया बसवायचे, मेस्त्री ब्रशानं बुडबुडे दाबून काढायचे. थरावर थर चढत गेले. शेवटचा थर सुकल्यावर बाबांनी त्यावर बोटाचं पेर वाजवून पाहिलं आणि ढेप उतरवल्यासारखे समाधानानं उठले.

नळकांडं शोधायला लांब जावं लागलं नाही. चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे आमच्याकडं दर बांधावर पडलेले असतात. होडीचा तळ उतरता, सेन्सर मात्र सरळ खाली बघायला हवा, म्हणून पाइप तिरका कापला. तो तळाला चिकटवायला एपॉक्सीत पांढरी पूड मिसळून दाट करायचं होतं, आणि ते किती दाट याचा दाजींना अंदाज येईना. योगायोगानं त्याच दिवशी तुकोबांची पालखी यवत मुक्कामी होती. पालखी काळभैरवनाथाच्या देवळात, आणि गावाचा रिवाज असा की वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण. घरोघरी चुली पेटलेल्या, ताईचे हात बेसनात. तिनं शेडमध्ये डोकावून परातीत बघितलं. “पातळ झालंय. पिठलं एवढं पातळ केलं असतं तर वारकरी माघारी देहूला गेले असते. पळी उलटी केली तरी पडता कामा नये.” दाजींनी पूड वाढवली. पळी उलटी केली. पडलं नाही.

शेडच्या सावलीला काही वारकरी टेकले होते. त्यातले एक माउली बराच वेळ होडीकडं बघत होते. त्यांनी चौकशी केली, की हे काय आणि कशासाठी. दाजींनी सांगितलं की होडी गळत होती.

“तुकोबांच्या वह्या तेरा दिवस इंद्रायणीत राहून कोरड्या निघाल्या,” ते म्हणाले. “ही तर होडी असून भिजली म्हनायची.” आणि पिठलं वाढून घ्यायला उठले.

उरला तेलाचा प्रश्न. नळकांड्यात भरायला दाजींच्या पुस्तकातलं शिफारस केलेलं तेल एकच: एरंडेल. त्यात आवाज जवळपास पाण्याइतक्याच वेगानं जातो, ते घट्टसर असतं, होडी हलली तरी त्यात सहजासहजी बुडबुडे होत नाहीत. हिशेब केला तर सव्वा लिटर लागणार होतं. आमच्या पिढीला एरंडेलाची ओळख चमच्यानं, नाक दाबून झालेली. मी आयुर्वेदिक दुकानात जाऊन सव्वा लिटर मागितलं, तेव्हा दुकानदारानं चष्मा काढला.

“घरात किती माणसं?”

“माणसांसाठी नाही, होडीसाठी.”

त्यानं पुढं काही विचारलं नाही. मागच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या काढल्या, कमी पडल्या म्हणून शेजारच्या गावाहून मागवल्या, आणि पिशवी देताना हळू आवाजात म्हणाला, “एकदम नका देऊ.”

गळती थांबली का, हे पाण्यात उतरवायच्या आधी पाहायचं होतं. शेजाऱ्याच्या रानात शेततळं होतं, ऐन भरलेलं. दाजींनी होडी त्यात सोडण्याबद्दल विचारलं. शेजाऱ्यानं कीलच्या लोखंडी धारेकडं पाहिलं, मग तळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कागदाकडं पाहिलं. “दाजी, तुमचं भोक बुजलं आणि माझ्या तळ्याला पडलं तर?” हा युक्तिवाद बिनतोड होता. मग मेस्त्रींनी उलटी रीत काढली: पाणी बाहेरून आत येतं का बघण्यापेक्षा आतून बाहेर जातं का बघायचं. होडी ट्रेलरवरच, तळात बुजवलेल्या जागेवर हातभर पाणी साठेल एवढं भरलं आणि खाली कोरडा पेपर अंथरला. पाणीटंचाईच्या दिवसांत दाजी नळीनं होडीत पाणी सोडताहेत, ही बातमी मात्र गावात फारशी चांगल्या शब्दांत पोचली नाही. पेपर सकाळपर्यंत कोरडा राहिला. उजनी उणे असल्याची बातमी त्यावर नीट वाचता येत होती.

पावसानंतर उजनी भरली, तेव्हा होडी परत भिगवणला उतरवली. मेस्त्री आणि बाबा दोघंही आले. बाबांनी पायातल्या वहाणा काठावरच काढल्या, देवळात जातात तशा. डिस्प्ले पेटला, जरा घुटमळला, आणि सात मीटरवर स्थिर झाला. मेस्त्रींनी दोरीला पाना बांधून सोडला आणि हातानं मोजून पाहिलं. पाना तळाला टेकला तिथंच आकडा होता. दाजींनी मग त्यात कीलची खोली वजा धरायची सोय केली. उजनीवर कुठलाही आकडा उणे केल्याशिवाय खरा वाटत नाही.

उथळ जागा ओळखायला खरं तर यंत्र लागत नाही, हे आम्हाला थंडी पडल्यावर एका मासेमारी करणाऱ्यानं सांगितलं. रोहित पक्षी आले होते, हजारांनी. तो म्हणाला, “जिथं रोहित उभा दिसंल तिथनं लांब राहायचं. त्याच्या गुडघ्याएवढंच पानी असतंय.” दाजींनी हे वहीत लिहून घेतलं.

पण यंत्राला एक खोड राहिली होती. मधूनच सात मीटरचा आकडा उडी मारून अडीच व्हायचा, क्षणभर तसाच राहायचा आणि पुन्हा सात. दाजी वैतागले. बुडबुडा असेल, तेल कमी पडलं असेल, पाइपाचा कोन चुकला असेल. त्यांनी झाकण उघडलं, तेल पाहिलं, वायर हलवली. शेजारच्या होडीतला तोच मासेमारी करणारा माणूस त्यांचं बोलणं ऐकत होता. आकडा परत उडाला तसं त्यानं जाळं टाकलं. ओढून वर घेतलं तर चिलापी तडफडत होत्या, मुठी भरून. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि हवेवरून आवाज उलटा फिरतो. थवा दाट असला की यंत्राला तोच तळ वाटतो. दाजींना हे पाठ होतं. जाळं टाकण्याशी त्याचा संबंध त्यांच्या लक्षात आला नव्हता.

तेव्हापासून आमच्यामागं दोन-तीन होड्या असतातच. आकडा बरोबर असला की त्यांना कंटाळा येतो. चुकला की दाजी “छे!” म्हणतात आणि ते “छे” ऐकल्याबरोबर तीन जाळी पडतात. शनिवारी रात्री फोन येतो, “दाजी, उद्या येताय ना? मीटर चुकतंय ना अजून?” परतताना होडीच्या तळाशी फळीवर, जिथं पूर्वी पाणी असायचं तिथं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्यांचा वाटा असतो.

“ते मीटर नीट करून घेणार होतात ना?” परवा जेवताना ताईनं विचारलं.

“बघू,” दाजी चिलापीचा काटा काढत म्हणाले. “मेस्त्रींना सध्या फार काम आहे.”